कपाळाचे कुंकू आणि दगडाचा शेंदूर

विजयादशमीच्या पहाटे तुळजापुरात देवीचे सीमोल्लंघन होते. गाभाऱ्यातली मूर्ती पालखीत बसते, ‘आई राजा उदो उदो’चा गजर उठतो आणि मंदिराच्या आवारात कुंकवाची उधळण सुरू होते. पालखीचे दांडे, पायाखालची फरसबंदी, आराध्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा, माणसांचे केस आणि पापण्या, सगळे लालभडक होऊन जाते. त्या पहाटे कुंकू कपाळापुरते राहत नाही. ते श्वासातून आत जाते, ओठांवर बसते, कडेवरच्या लेकराच्या मुठीत सापडते. हे कुंकू कशाचे केलेले आहे, हा प्रश्न म्हणूनच तुळजापुराला इतर गावांपेक्षा जास्त लागू आहे. महाराष्ट्राच्या धार्मिक रूढीने लाल रंगाची एक वाटणी फार पूर्वी करून ठेवली होती: कुंकू माणसाला आणि शेंदूर दगडाला. कुंकू हळदीचे, शेंदूर शिशाचा. शिसे मज्जापेशींतल्या प्रथिनांची कशी नासाडी करते हे विज्ञानाला गेल्या शंभर वर्षांत उमगले, रूढीतली वाटणी मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. बाजाराने ती पुसट केली. ती पुन्हा ठळक करणे म्हणजे परंपरेला धक्का लावणे नव्हे. परंपरेत जे शहाणपण होते, ते सांभाळण्याचाच तो मार्ग आहे, असे माझे म्हणणे आहे.

साडेतीन शक्तिपीठांकडे या नजरेने पाहिले तर ही वाटणी स्पष्ट दिसते. माहूरच्या रेणुकेचा मुखवटा शेंदराने माखलेला असतो. वणीच्या गडावरची सप्तशृंगी डोंगराच्या कड्यात कोरलेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शेंदराचे लेप चढत गेले. २०२२ मध्ये तो थर उतरवण्यात आला, तेव्हा त्याचे वजन हजार किलोच्या वर भरल्याच्या बातम्या आल्या आणि आत दडलेले कोरीव रूप पहिल्यांदाच नीट दिसले. याउलट कोल्हापूरची अंबाबाई आणि तुळजापूरची भवानी या काळ्या पाषाणाच्या मूर्ती, शेंदराविना. तुळजापुरात तर पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळ पूजेपर्यंत दिवसभर पूजेची रीत आहे आणि तिच्या मध्यभागी पंचामृताचा अभिषेक आहे. दूध, दही, मध अंगावरून ओघळणाऱ्या मूर्तीला शेंदराचा लेप नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दह्याच्या आंबटपणात शिशाची संयुगे थोडीथोडी विरघळतात आणि तीर्थ तर भक्त ओंजळीतून पितात. भवानीला वाहतात ती हळद आणि कुंकू. तिच्या आराध्यांच्या कपाळी भरतात तो मळवटही कुंकवाचाच. हे कुणी रसायनशास्त्र शिकून ठरवले असे मी म्हणत नाही. पण माणसांच्या अंगावर, हातावर, तोंडात जाणारा रंग वेगळा आणि उघड्यावरच्या दगडाला फासायचा रंग वेगळा, ही सवय या मातीत रुजलेली होती.

दोन्ही लाल रंग तयार कसे होतात हे पाहिले की या वाटणीमागचा अर्थ कळतो. जुन्या पद्धतीचे कुंकू हळकुंडांपासून करतात. हळद लिंबाच्या रसात, टाकणखारात, कुठे तुरटीत भिजवायची, वाळवायची आणि कुटून वस्त्रगाळ करायची. हळदीतला पिवळा रंग क्षाराच्या संगतीत तांबडा होतो. चुन्याचे बोट हळदीला लागले की काय होते हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेले असते. टाकणखारातल्या बोरॉनमुळे ही लाली अधिक गडद आणि टिकाऊ होते. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले केम हे गाव या धंद्यासाठी नावाजलेले. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा यात्रांच्या वाटेवरच ते आहे. शेंदराची कथा अगदी निराळी. शिसे हवेत तापवले की आधी मुर्दाडशिंग होते, पिवळट रंगाचा शिशाचा ऑक्साइड. तोच पुढे साडेचारशे-पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास बराच वेळ तापवत ठेवला की नारिंगी-लाल शेंदूर हाती येतो. त्याच्या वजनात सुमारे ९० टक्के शिसेच असते. अमरकोशात सिंदुराला ‘नागसंभव’ म्हटले आहे आणि नाग म्हणजे शिसे, म्हणजे हा रंग कशापासून होतो हे आपल्याकडे दडलेले गुपित कधीच नव्हते. अस्सल शेंदराची पुडी तळहातावर घेतली की ती आकाराच्या मानाने जड लागते. तेवढ्याच कुंकवाला तसे वजन नसते.

मग इतका विषारी पदार्थ देवाला का लावला? कारण दगडासाठी तो खरोखरच उत्तम होता. शेंदूर तेलात कालवून फासला की शिसे आणि तेलातली आम्ले मिळून साबणासारखी संयुगे बनतात, थर हळूहळू घट्ट होतो आणि पाणी आत शिरू देत नाही. पुलांच्या आणि जहाजांच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून जगभर शेकडो मैल पोलादावर जवसाच्या तेलात कालवलेला हाच लाल रंग चढवला गेला. वेशीवरचा मारुती, शिवेवरचा म्हसोबा, झाडाखालचा तांदळा यांच्या डोक्यावर छप्पर नसायचे. ऊन, पाऊस आणि शेवाळ यांपासून त्या दगडाला हा लेप वाचवायचा. शनिवारी मारुतीला तेल आणि शेंदूर वाहण्याच्या रूढीत श्रद्धा होती, तशी दगडाची निगाही होती. लेप जाड होऊन एखाद्या दिवशी आपोआप निखळला की ‘देवाने कवच टाकले’ म्हणत आणि ते कवच वाहत्या पाण्यात सोडत. म्हणजे शेंदूर दगडावर असावा आणि माणसाने तो पोटात घेऊ नये, इथपर्यंत व्यवहार चोख होता. ही वाटणी अभेद्य भिंतीसारखी होती असे मात्र म्हणता येणार नाही. मारुतीच्या पायाचा शेंदूर कपाळी लावण्याची रीत आहे, उत्तरेकडे भांगात सिंदूर भरतात, आणि गावच्या गुरवाचे हात तर वर्षानुवर्षे शेंदरात असतात. तरीही मराठी घरातल्या करंड्यात मेणाच्या डबीशेजारी असायचे ते कुंकू. शेंदूर नव्हे.

शेंदूर पोटात गेला तर काय होते, याची एक आठवण मराठी समाजाने जपून ठेवली आहे. संगीत नाटकांच्या आणि गायकांच्या दुनियेत विड्यातून शेंदूर चारून गवयाचा आवाज बसवल्याच्या कथा सांगितल्या जातात. त्यातली एखादी विशिष्ट कथा खरी की खोटी हे ठरवणे अशक्य आहे, आणि एका विड्याने आवाज कायमचा जातो असे वैद्यकही म्हणत नाही. पण या कथेचा रोख अगदी योग्य ठिकाणी आहे. स्वरयंत्र हलवणारी डावी मज्जा मेंदूकडून निघते ती थेट गळ्यात न थांबता छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राला पोचते. इतका लांबचा फेरा घेणारी मज्जा विषाला लवकर बळी पडते. शिसे वितळवण्याच्या भट्ट्यांजवळ चरणाऱ्या घोड्यांच्या स्वरयंत्राला लकवा होऊन श्वास घरघरू लागतो, हे पशुवैद्यकात नीट नोंदलेले आहे. माणसांत शिशाचा मार जास्त करून हाताच्या मज्जेवर दिसला. पॅरिसमधल्या तांकरेल दे प्लांश या वैद्याने १८३९ मध्ये शिशाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात रंगारी आणि शिशाचे कामगार यांची मनगटे कशी लुळी पडतात हे विस्ताराने सांगितले आहे. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो, उचलला जात नाही. आवाज जाण्याच्या कथा असोत की लुळ्या मनगटांची नोंद, दोन्ही बोट दाखवतात ते मज्जेकडे.

मज्जेच्या आत नेमके घडते काय, ते सांगायला प्रथिनांपासून सुरुवात करावी लागेल. पेशीतले जवळजवळ प्रत्येक काम कुठले ना कुठले प्रथिन करते, आणि पुष्कळ प्रथिनांच्या कामाची जागा गंधकाच्या एका छोट्या गटावर अवलंबून असते. गंधकाला हायड्रोजन जोडलेला हा गट, त्याला थायॉल म्हणतात. शिशाला या गंधकाची विलक्षण ओढ आहे. याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण म्हणजे रक्तातला लाल रंग बनवण्याच्या साखळीतले एक एन्झाइम. माणसात या एन्झाइमच्या कामाच्या जागी तीन गंधक मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. शिसे आले की ते जस्ताला हुसकून त्या तीन गंधकांत स्वतः बसते आणि एन्झाइम ठप्प होते. अनर्थ इथेच थांबत नाही. त्या एन्झाइमने ज्याचे पुढे रूपांतर करायचे तो कच्चा माल, अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, पेशीत आणि रक्तात साचतो. साचलेले हे आम्ल प्राणवायूशी आपोआप अभिक्रिया करते आणि त्यातून प्राणवायूचे आक्रमक रेणू, म्हणजे मुक्त मूलके, तयार होतात. ही मूलके शमवण्यासाठी पेशीजवळ ग्लुटाथायॉन नावाचा राखीव साठा असतो. पण ग्लुटाथायॉनचे बळही गंधकाच्याच गटात असल्याने शिसे तोही अडवून धरते. एकीकडे आग वाढते आणि दुसरीकडे विझवणारे पाणी आटते.

या मूलकांचा घाव प्रथिनांवर बसतो. लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन या अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्या जळून तिथे कार्बोनिल गट उगवतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एर्ल स्टॅडमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे कार्बोनिल मोजण्याच्या रीती बसवल्या, आणि वाढत्या वयाबरोबर व काही मज्जारोगांत ते वाढतात हे दाखवले. असे बिघडलेले प्रथिन मोडून टाकण्याची सोय पेशीत असते. त्या यंत्रणेला प्रोटिएझोम म्हणतात. पण घाव फार झाले की प्रथिने एकमेकांत गुंतून गाठी होतात, त्या मोडता येत नाहीत आणि उलट प्रोटिएझोमचेच तोंड बंद करतात. यकृताच्या पेशीला अशा वेळी नवी पेशी निर्माण करून भागवता येते. बहुतेक मज्जापेशी जन्मानंतर पुन्हा विभागत नाहीत, जी आहे तिच्यावरच आयुष्य काढायचे असते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. म्हणजे जिथे आगीचा धोका सर्वाधिक, तिथे दुरुस्तीला माणसे सर्वांत कमी. मज्जेचा तंतू हात-दीड हात लांब असू शकतो आणि त्याच्या टोकाला लागणारी प्रथिने पेशीच्या गाभ्याजवळ बनून तिथवर वाहून न्यावी लागतात. माल बिघडलेला आणि वाहतूक खुंटलेली, अशा स्थितीत सर्वांत लांबचे टोक आधी निकामी होते. शिवाय शिसे कॅल्शियमची नक्कल करते. कॅल्शियमच्या वाटेनेच ते मज्जापेशीत शिरते आणि तिथल्या संदेशांची लय बिघडवते. शेवटी पेशीची ऊर्जा देणारी सूत्रकणिका कोलमडते आणि पेशी स्वतःला संपवण्याचा निर्णय घेते.

यावर एक गंभीर आक्षेप विज्ञानातूनच येतो. मरणाऱ्या पेशीत सगळेच बिघडते. प्रथिनांचे ऑक्सिडीकरण हे मृत्यूचे कारण कशावरून, ते मृत्यूचे अवशेष कशावरून नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि प्रत्येक मज्जारोगात त्याचे उत्तर मिळाले आहे असे मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्राला जवळून माहीत असलेल्या दुसऱ्या एका विषाने या प्रश्नाचा निवाडा एका बाजूला झुकवला आहे. विदर्भातल्या भंडारा-गोंदियाकडे उभ्या भातात लाखोळी पेरतात. दुष्काळात दुसरे काहीच मिळेना म्हणून महिनोन्‌महिने मुख्यतः तीच डाळ खाल्ली तर पाय कडक होऊन लुळे पडतात. आयुर्वेदात याला कलायखंज म्हणतात. लाखोळीतले विष १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. १९९८ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे विष उंदरांना देऊन घटनांचा क्रम तपासला. त्यांना दिसले की आधी प्रथिनांच्या थायॉल गटांचे ऑक्सिडीकरण होते, त्यामुळे सूत्रकणिकेतल्या ऊर्जासाखळीचा पहिला टप्पा बंद पडतो आणि मज्जापेशींचा नाश त्यानंतर होतो. थायॉल जपणारी द्रव्ये आधीच दिली तर हानी टळली. लाखोळीचे विष आणि शिसे ही दोन वेगळी विषे आहेत, त्यांच्या शिरण्याच्या वाटाही वेगळ्या. तरीही प्रथिनातल्या गंधकावरचा घाव आधी आणि पेशीचा अंत नंतर, हा क्रम एकदा सिद्ध झाला की ऑक्सिडीकरणाला नुसते अवशेष म्हणून बाजूला सारता येत नाही.

आता बाजाराकडे वळू. हळदीचे अस्सल कुंकू करायला वेळ लागतो, हळकुंडे महाग पडतात आणि यात्रेच्या दिवसांत मागणी पोत्यांनी असते. त्यामुळे पांढऱ्या भुकटीत स्वस्त कृत्रिम रंग मिसळून लाली आणण्याचा मार्ग रूढ झाला. त्वचारोगतज्ज्ञांना कपाळावर काळे डाग आणि खाज घेऊन येणाऱ्या स्त्रियांत अशा रंगांची ॲलर्जी वारंवार आढळली आहे. मज्जेच्या दृष्टीने याहून वाईट गोष्ट म्हणजे कुंकू, सिंदूर आणि शेंदूर यांच्यातली सीमाच धूसर झाली. आज शेंदूर म्हणून विकली जाणारी पुडी कधी निव्वळ रंगवलेली भुकटी असते, तर सिंदूर म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीत कधी खरे शिसे निघते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदुराचे ११८ नमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले होते, २३ भारतातले, मुंबई आणि दिल्लीतून घेतलेले. अमेरिकेतल्या ८३ टक्के आणि भारतातल्या ७८ टक्के नमुन्यांत मोजण्याइतके शिसे सापडले. दशलक्षात २० भाग ही मर्यादा ओलांडणारे नमुने अमेरिकेत १९ टक्के होते, भारतात ४३ टक्के. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतही रंगद्रव्यातल्या शिशाला हीच २० भागांची मर्यादा आहे. पण डबीवर ‘पूजेसाठी’ असे छापले की वस्तू सौंदर्यप्रसाधन राहत नाही आणि तपासणीच्या नजरेतून सुटते. ती डबी घरी जाते आणि त्यातली चिमूट कपाळालाच लागते.

या ठिकाणी चार आक्षेप घेतले जातात आणि चारांनाही उत्तर द्यायला हवे. पहिला असा की शिसे कातडीतून आत जात नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. शेंदरासारखी शिशाची संयुगे धड त्वचेतून फारच कमी शिरतात. पण भुकटी एका जागी राहत नाही. ती बोटांना लागते, उशीवर सांडते, घामाबरोबर ओघळते, हवेत उडते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषला जातो, लहान मुलात मात्र ४० ते ५० टक्क्यांपर्यंत. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असते. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले की त्याचा स्रोत शोधायला सांगते. म्हणजे त्या मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून ५० मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम अस्सल शेंदरात सुमारे ९ लाख मायक्रोग्रॅम शिसे असते. गिळलेले सगळे रक्तात राहत नाही हे धरले तरी डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा कण किती धोकादायक आहे, याचा अंदाज येतो.

दुसरा आक्षेप पूर्वजांचा: शतकानुशतके हे चालत आले, कुणाला काय झाले? झालेले दिसत नव्हते, एवढेच याचे उत्तर. शिसे रक्तातून महिन्याभरात कमी होते, पण हाडांत दशकानुदशके मुरून राहते आणि गरोदरपणात हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोचते. बुद्धी थोडी मंद होणे, लक्ष न लागणे, चिडचिड वाढणे यांचे कारण रक्ताच्या चाचणीवाचून कळत नाही, आणि ती चाचणी पूर्वी नव्हती. शिवाय पूर्वज गाफील होते हे मला मान्य नाही. शेंदूर पोटात जाऊ देऊ नये हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच तर आवाज घालवण्याच्या कथा झाल्या. तिसरा आक्षेप प्रमाणाचा: जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, रंग, मसाले यांतून कितीतरी जास्त शिसे येते, मग एका रूढीवर बोट का? युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक पातळीचे शिसे असल्याचा अंदाज दिला, आणि त्यातला मोठा वाटा बॅटऱ्यांचाच आहे. हे मान्य. पण शरीर स्रोत वेगवेगळे मोजत नाही, सगळ्यांची बेरीज एकाच मज्जापेशीवर पडते. बॅटरीचा कारखाना बंद करणे एका घराच्या हातात नसते, करंड्यात काय ठेवायचे ते असते. चौथा आक्षेप श्रद्धेचा: हा धर्मात हस्तक्षेप आहे. तुळजापूरची पूजाच याला उत्तर देते. तिथल्या देवीला शेंदूर लागत नाही म्हणून तिचे तेज कमी झालेले नाही, आणि हळदीच्या कुंकवाचा आग्रह धरणे म्हणजे शास्त्राने सांगितलेलीच वस्तू मागणे आहे.

झालेले नुकसान औषधाने भरून निघेल, अशी आशा धरण्यातही अर्थ नाही. अमेरिकेत शिशाची बाधा झालेल्या ७८० लहान मुलांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. निम्म्या मुलांना शिसे बाहेर काढणारे औषध दिले. त्यांच्या रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धीच्या आणि वर्तनाच्या चाचण्यांत औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. घाव घातलेले शिसे काढता आले, पडलेला घाव बुजवता आला नाही. मेलेली मज्जापेशी परत येत नाही, म्हणून शिसे शरीरात शिरण्याआधीच रोखणे हाच उपाय उरतो. आणि रोखणे जमते, याचा दाखला आपल्या शेजारी आहे. बांगलादेशात हळदीला झळाळी आणण्यासाठी शिशाचा पिवळा क्रोमेट मिसळत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. सरकारने बाजारात जागच्या जागी नमुने तपासले, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला आणि वर्तमानपत्रांतून सूचना दिल्या. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. सांगली, वसमत, वायगाव अशा भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या प्रदेशाला आणि केमसारख्या कुंकवाच्या गावाला हे जमणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

करायचे ते सरळ आहे. तुळजापूरच्या सीमोल्लंघनात उधळले जाणारे आणि महाद्वाराच्या वाटेवर विकले जाणारे कुंकू अन्न व औषध प्रशासनाने दर नवरात्राआधी तपासावे आणि निकाल मंदिराच्या फलकावर लावावा. डबीवर ‘पूजेसाठी’ असे छापून शिशाच्या मर्यादेतून सुटका मिळू नये. शेंदराचा लेप जिथे परंपरेने आहे तिथे तो लावणाऱ्या गुरवाला आणि पुजाऱ्याला हातमोजे व रक्ताची चाचणी मिळावी आणि लेपाला लागलेली बोटे मुलांच्या कपाळाकडे जाऊ नयेत. प्रत्येक घराने करंड्यात हळदीचे कुंकू ठेवावे आणि त्यासाठी दोन रुपये जास्त मोजावेत. ते दोन रुपये केमसारख्या गावातल्या कारागिराच्या जुन्या कसबाला मिळतील. दगडाचा रंग दगडाला राहू द्या आणि माणसाला माणसाचा रंग लावा. भवानीच्या दारी ही रीत आजही पाळली जाते, ती प्रत्येक घरात पाळणे आपल्या हातात आहे.